भंडारा लावलेली बोट

तानाजी विरकरच्या माण तालुक्यातल्या गावाला नदी नाही. ओढा आहे, आणि वर्षातले दहा महिने त्या ओढ्याच्या पात्रातूनच माणसं म्हसवडच्या बाजाराला जातात, कारण ती वाट जवळची पडते. अशा गावात, विरकरांच्या घरापुढच्या बाभळीखाली, ट्रॅक्टरच्या चार जुन्या टायरांवर टेकवलेली एक लाल स्पीडबोट आठ महिने उभी होती. सोळा फूट लांब, नाकाशी निमुळती, मागं नव्वद हॉर्सपॉवरचं इंजिन. एसटी वळणावर आली की खिडकीतली माणसं माना काढून बघायची.

"तान्या, पावसाची वाट बघतुयास व्हय रं?" त्याचा चुलतभाऊ सिद्धू जाता-येता विचारायचा. "आपल्या जन्मात तर ही तरंगायची न्हाई. तवर कडबा तरी रच तिच्यात."

तानाजी हसायचा. बोट तरंगणार नाही असं सिद्धू गमतीनं म्हणत होता. तानाजीला मात्र ती पाण्यात का घालता येत नाही ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं ते फक्त बायकोला, पल्लवीला, सांगितलं होतं. बापाला सांगता येत नव्हतं, आणि सगळी कोंडी तिथंच होती.

तानाजी मेंढरं राखणाऱ्या घरातला. एकोणिसाव्या वर्षापर्यंत तो गुडघ्याच्या वर पाण्यात उभा राहिला नव्हता. सैन्यात भरती झाला, इंजिनिअर्सच्या पलटणीत गेला आणि पहिल्याच महिन्यात उस्तादानं त्याला तलावात ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं, पोरं हसली. पण पुढं एक दिवस बोटीच्या मागच्या इंजिनाचा दांडा हातात आला आणि हे काम आपलं आहे असं त्याला वाटलं. सतरा वर्षं त्यानं तेच केलं. ब्रह्मपुत्रेच्या गढूळ धारेत नुसत्या पाण्याच्या रंगावरून खाली वाळू किती वर आली आहे ते तो सांगायचा. पलटणीतले साहेबसुद्धा "विरकरला बोलवा" म्हणायचे. हवालदार होऊन तो घरी आला, आणि घरी आल्यावर त्याला मिळाली सांगलीतली गेटवरची नोकरी.

हळदीचं कोल्ड स्टोरेज. गेटाशी चार बाय पाच फुटांची केबिन, एक खिडकी, एक स्टूल, एक रजिस्टर. बारा तासांची ड्यूटी. ट्रक आला की नंबर लिहायचा, गेट उघडायचं, गेट लावायचं. स्टुलापासून गेटापर्यंत चौदा पावलं होती; पहिल्याच आठवड्यात त्यानं ती मोजली आणि पुन्हा मोजली नाहीत. संध्याकाळी शर्टाची कॉलर पिवळी झालेली असायची. कृष्णेचा घाट तिथून दीड किलोमीटरवर, पण ड्यूटी संपल्यावर पाय खोलीकडेच वळायचे. पंधरा दिवसांतून दोन दिवस सुट्टी, त्यातला एक येण्याजाण्यात.

तीन वर्षं अशी गेली. मग त्यानं ठरवलं, आपली स्वतःची बोट घ्यायची. कोयना धरणामागच्या फुगवट्यावर पर्यटक येतात, त्यांना फिरवायचं. नवी बोट आवाक्यातली नव्हती. जुनीच बघायची होती, आणि जुनी बघायची तर आधी मालकांना विचारायचं.

फौजी माणूस, त्यामुळे त्यानं एक वही केली. सुट्टीच्या दिवशी घरी न जाता तो साताऱ्याहून घाट उतरून फुगवट्यावर जायचा आणि धक्क्यावरच्या बोटवाल्यांची मतं लिहून आणायचा.

नानासो नावाच्या तीन बोटींच्या मालकानं पहिल्या दमातच सांगितलं, "जुनी घिऊ नगंस. जुनी बोट म्हंजे म्हातारा पैलवान. फेटा बांधून बसला की रुबाबदार, आखाड्यात उतरला की कमर धरतोय."

"तुमच्या तिन्ही जुन्याच हायत की."

"म्हनून तर सांगतुय गड्या! मला कोन सांगाय नव्हतं."

शेजारच्या गुंडानं त्याला हाताला धरून आपल्या बोटीजवळ नेलं. "त्येचं ऐकू नगंस. जुनीच घे, टू-स्ट्रोक घे. धूर काढती, तेल पिती, समदं खरं. पर मधेच बंद पडली तर पाना आन् स्क्रू ड्रायव्हर घिऊन तितंच उघडायची. नवं इंजिन बंद पडलं की कंपनीचा मानूस लॅपटॉप घिऊन येस्तवर गिऱ्हाइकास्नी गाणी म्हनून दावावी लागत्यात."

सगळ्यात कामाचं मत मिळालं मनुबाईकडून. नवऱ्याच्या माघारी त्याची बोट त्या स्वतः चालवत. साठीच्या, नऊवारीचा काचा मारलेल्या. तानाजीची वही बघून त्या हसल्या.

"फौजी, ल्ह्या आता. इंजिन समदीच बघत्यात. इंजिन जिला लटकतं, ती मागची फळी कोन बघत न्हाई. भायेरनं फायबर, चकचकीत. आत असतंय लाकूड. इंजिनाच्या बोल्टाच्या भोकातनं पानी आत गेलं की ते लाकूड कुजतंय, आन् वरनं काय सुदिक दिसत न्हाई. आमची फळी मधल्या पान्यात सुटली. आट मानसं हुती. कशी काठाला आली, माजं मला म्हाईत."

"मग बघायचं कसं?"

"बोट भायेर काडाय लावायची आन् मागं स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकायचं. खणखण वाजली तर घ्या. भद्द वाजली तर गप घरला जा. आन् मालकाला 'का इकतोस' आसं इचारू नगासा, त्येचं उत्तर त्येनं आधीच करून ठेवल्यालं असतंय. 'पावसाळ्यात कुटं ठेवली हुती' ते इचारा."

सैन्यातल्या बोटी ॲल्युमिनियमच्या, नाहीतर रबराच्या. लाकूड पोटात ठेवणारी बोट तानाजीला नवीन होती. त्यानं ते वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केलं.

महिन्याभरात खबर आली की साताऱ्याच्या दिग्विजय नावाच्या एका हौशी माणसाला त्याची बोट विकायची आहे. धक्क्याच्या पलीकडे त्याचा बंगला होता. बोट दहा वर्षांची, वेगाची, शर्यतीच्या घाटाची. तानाजी निघाला तेव्हा त्याचा बाप हरिबा म्हणाला, "मी बी येतो. यवढं पानी एका जागी कसं ऱ्हातंय, बघू तरी."

हरिबा चौऱ्याहत्तर वर्षांचा. जन्मभर मेंढरं. उन्हाळ्यात कळप घेऊन कृष्णाकाठापर्यंत गेलेला, पण घाट चढून पलीकडं कधी न गेलेला. फुगवट्याच्या काठावर आल्यावर त्यानं डोळ्यांवर हात धरून पलीकडचा काठ शोधला. मग म्हणाला, "लय हाय रं." आणि दिग्विजयच्या बंगल्यावरचा राखणदार कोंडीबा याच्याशी तंबाखूची देवाणघेवाण करत दगडावर बसला.

दिग्विजय आणि तानाजी बोट घेऊन निघाले. मधल्या पाण्यात दिग्विजय म्हणाला, "घ्या हातात." तानाजीनं इंजिनाची रेस वाढवली. नाक वर उठलं, आभाळाशिवाय काही दिसेना, आणि मग बोट पाण्यावर आडवी बसली आणि पळू लागली. पाणी कापत नव्हती, पाण्याच्या वरून जात होती. तानाजीनं एक मोठं वळण घेतलं, दुसरं घेतलं. आपण मोठ्यानं हसतोय हे त्याला वळणाच्या मध्ये कळलं.

परत येताना त्यानं मनात सगळं लावून ठेवलं होतं. बोट बाहेर काढायला सांगायचं. ठोकायचं. पावसाळ्याचं विचारायचं. मग बोलणी.

नाक काठाला लागलं तोच हरिबा उठला. धोतर वर धरून घोटाभर पाण्यात उतरला, कनवटीच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला आणि बोटीच्या लाल नाकाला बोटांनी लावला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं! झाली आमची."

कोंडीबानं मागून "चांगभलं" म्हणून साथ दिली. काठावर पाच-सहा माणसं जमली होती, तीही हसली. दिग्विजय उडी मारून उतरला आणि म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला.

विरकरांच्या घरात विकत घेतलेल्या जनावराला भंडारा लावला की व्यवहार संपला. नंतर दात मोजायचे नाहीत, पाय उचलून बघायचे नाहीत. एकदा हरिबानं घेतलेला मेंढा आठव्या दिवशी लंगडा निघाला. विकणारा भला होता, स्वतः चालत आला आणि म्हणाला, परत द्या. हरिबानं त्याला जेवू घातलं आणि मेंढ्याशिवाय परत पाठवलं. ती गोष्ट आटपाडीच्या बाजारात अजून सांगतात, आणि त्या गोष्टीच्या जोरावर हरिबाच्या शब्दाला बाजारात मान आहे.

तानाजी बोटीतच उभा होता. तरी त्यानं विचारलं, "पावसाळ्यात कुठं ठेवता हिला?"

"इथंच, धक्क्याला. कुठं नेणार?" दिग्विजय म्हणाला.

चार महिने पाऊस, वरून आणि खालून. ट्रॅक्टर लावून बोट बाहेर काढली तेव्हा तानाजी मागं गेला आणि खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं. भद्द. एक वीत सरकून पुन्हा ठोकलं. भद्द.

"काय बघताय?" दिग्विजयनं विचारलं. त्याला फळीचं माहीत होतं की नव्हतं, हे तानाजीला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं वळून बघितलं. हरिबा त्या पाच-सहा जणांच्या मधोमध उभा होता, कोंडीबानं आणलेला चहा बशीत ओतत होता, आणि पोरगा फौजेत कसा मोठ्या नदीवर बोट चालवायचा ते सांगत होता.

"काही नाही," तानाजी म्हणाला.

बोट टेम्पोवर चढली. रहिमतपूरला चहाला थांबले तर चौकातली अर्धी माणसं गोळा झाली. एका बाईनं विचारलं, "ही कुटं निघालीया?"

"माणात," हरिबा टेम्पोतून म्हणाला.

"अगं बया! माणात पानी कुटं हाय?"

"पानी मागनं येतंय."

हसं झालं. गाडी सुटल्यावर तानाजी हळूच म्हणाला, "आबा, जरा दम धरायचा हुता. मला अजून बघायचं हुतं."

"काय बघायचं ऱ्हायलं हुतं? दात?" हरिबा खुशीत होता.

त्यानंतर आठ महिने. तानाजीनं पहिल्याच सुट्टीत मागच्या फळीला खालून बारीक भोक पाडलं. रात्रभर तपकिरी पाणी ठिबकत होतं, कुजक्या पाल्याच्या वासाचं. भोक त्यानं एम-सीलनं बुजवलं. नव्वदचं इंजिन सव्वाशे किलोच्या वर जातं, आणि पळताना तेवढ्यावर थांबत नाही. सगळी बोट पुढं ढकलण्याचा जोर त्या एकाच फळीवर येतो. आठ माणसं बसवून मधल्या पाण्यात नेलं तर मनुबाईंचं झालं तेच, किंवा त्याहून वाईट. फळी नवी बसवता येते. पण त्याला महिनाभराचा वेळ हातात हवा होता, आणि इंजिन उतरवून बोटीची पाठ उघडली की हरिबा विचारणार होता, हे काय?

हरिबाला त्यानं सांगितलं होतं की सरकारी परवान्याचा कागद यायचा आहे. दर सुट्टीला म्हातारा विचारायचा, "आला का रं कागद?"

"न्हाई आबा."

"कोन बसलाय त्या हापिसात? मीच जाऊन बसतो दारात. बघतो कसा देत न्हाईत."

"जाऊ नगासा. येईल."

पल्लवी चुलीपुढून ऐकायची. एकदा तिनं त्याला गोठ्यामागं गाठलं. "आवं, सांगून टाका की एकदाचं. का असं घुसमटत ऱ्हायचं? हिकडं आलं की कागद, तिकडं गेलं की गेट."

"काय सांगू? तुमच्या शब्दापायी मी अडकलो, असं सांगू?"

"मग इकून तरी टाका."

विकायचं ठरलं. फोटो मोबाईलवर टाकले. हरिबाला एवढंच सांगितलं की कागदाचं काही जमत नाही. म्हाताऱ्यानं बोटीच्या नाकावरची धूळ पंज्यानं पुसली. "नशिबात नसंल," म्हणाला.

फोन आला तो आष्ट्याहून. साईराज नाव, सव्वीस वर्षांचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, घरी ऊस. एका सकाळी तो पिकअप घेऊनच आला. तानाजीची सुट्टी संपण्याचा तो दिवस. दुपारी चारची सांगलीची गाडी होती. साईराजनं इंजिनाची झाकणं उघडली, प्लग काढून बघितले, दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं. पोरगं हुशार होतं. पण तेही इंजिनच बघत होतं.

"काका, इंजिन एक नंबर ठेवलंय. मी अजून तीन मालकांना विचारून आलोय, सगळ्यांची मतं वेगळी. आता तुमचं सांगा. ही बोट तुम्ही परत घ्याल का?"

तानाजीच्या आधी बाजेवरून हरिबाच म्हणाला, "हिच्यावानी बोट न्हाई बाळा. म्या सोता बघून घेतलीया."

"बास, मग झालंच की!" साईराज हसला. "किती माणसं बसतील?"

"आठ," तानाजी म्हणाला.

"आमची आई म्हणते पहिली फेरी तिचीच. तिला पोहायला येत नाही, तरी म्हणते मीच बसणार पुढं."

पिकअपचा फाळका उघडाच होता. बोट एकदा तीत चढली की बाभळीखालची जागा मोकळी झाली असती, हरिबाची गोष्ट बाजारात तशीच राहिली असती, आणि तानाजीला पुन्हा वही उघडता आली असती. एवढं सगळं एका होकारावर होतं. पल्लवी दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

तानाजी घरात गेला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला.

"इकडं ये," तो साईराजला म्हणाला. मुठीनं आधी बोटीच्या बाजूवर ठोकलं. खणखणीत वाजलं. मग मागच्या फळीवर. साईराजचं हसू गेलं. तानाजीनं वाकून एम-सील उकरलं. आठ महिने उन्हात उभ्या असलेल्या बोटीतून तपकिरी पाण्याचा एक ओघळ आला आणि मातीत जिरला.

"आईला हिच्यात बसवू नको," तानाजी म्हणाला. "हे माझं मत."

साईराजनं त्या ओल्या डागाला बोट लावून बघितलं. "तुम्ही घेतली तेव्हाच अशी होती?"

हरिबा बाजेवरून उठून जवळ आला होता. तानाजीनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"व्हय. घेतली तवाच."

साईराजनं फाळका लावला. गाडीत बसता बसता म्हणाला, "काका, दुसरी एक बोट बघायचीय. रविवारी याल का माझ्याबरोबर?"

"रविवारी ड्यूटी असती."

गाडी गेली. हरिबा टायरावर टेकून बसला. जेवायला हाक मारली तरी हलला नाही. शेवटी म्हणाला, "तुला तवाच कळलं हुतं?"

"ठोकलं तवा कळलं. तुमी भंडारा लावल्यावर."

"मग बोलला का न्हाईस?"

"आबा, सहा मानसं हुती. तुमचा शब्द."

"शब्द माजा हुता रं. पान्यातला मी हाय का तू? मला म्हशीचं बी पोहनं कळत न्हाई." म्हाताऱ्यानं टायरावर हात आपटला. "मी बोट बघितलीच न्हवती. तू वळान घेत हुतास, आन् हसत हुतास. तीन वर्सात तसा हसलेला बघितला न्हवता तुला. म्हटलं, ह्यो मागं फिरायच्या आत लावून टाकावा भंडारा."

आठ महिने तानाजीनं बापाचा मान जपला होता, आणि बाप आठ महिने समजत होता की आपण पोराला काहीतरी दिलं. तो दुसऱ्या टायरावर बसला. पल्लवीनं दोघांची ताटं तिथंच आणून ठेवली.

जेवण झाल्यावर हरिबा म्हणाला, "उघड तिला."

"चारची गाडी हाय आबा."

"चारला अवकाश हाय."

सिद्धूला आणि आणखी तिघांना बोलावलं. बाभळीच्या फांदीला साखळी टाकून इंजिन उतरवलं. सिद्धू म्हणाला, "म्या कडबा भर म्हनलो हुतो, तुमी तर हिचा बोकडच कराया लागलाय." कुणी हसलं नाही, मग त्यानंही साखळी धरली. तानाजीनं करवतीच्या पात्यानं आतल्या बाजूनं फायबरचा थर कापला आणि हातभर रुंद तुकडा ओढून काढला. आत लाकूड असायला हवं होतं. काळा, ओला लगदा होता.

हरिबानं आत हात घातला आणि मूठभर बाहेर काढून वास घेतला.

"खुरी लागलीया," तो म्हणाला. पावसाळ्यात मेंढरांचे खूर असेच आतून सडतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. घरात जाऊन तो खूर साळायची वाकडी सुरी घेऊन आला. "कुटवर काढायचं?"

"चांगलं लागंस्तवर. वाईट जरा बी ऱ्हायला नगं."

"ते म्हाईत हाय मला. तू जा, गाडी चुकंल."

तानाजी गेला. गाडी चुकवली असती तर ठेकेदारानं दुसरा माणूस उभा केला असता. गेटाला माणूस लागतो, तो कोण हे त्याला बघायचं नसतं. विटा, तासगाव, सांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो केबिनमध्ये होता. तारीख घातली, रेघ मारली, पहिल्या ट्रकचा नंबर लिहिला.

दहाच्या सुमाराला पल्लवीचा फोन आला.

"आवं, आबा उजाडल्यापासनं कापाय बसल्यात. च्या बी तितंच घेतला. इचारत्यात, चांगल्या लाकडाचा रंग कसा असतोय?"

"पिवळसर. कोरडं असतंय. सुरी सरकत न्हाई, अडती."

तिनं ते पलीकडं ओरडून सांगितलं. लांबून हरिबाचं काहीतरी ऐकू आलं.

"काय म्हणत्यात?"

"दोन हात आडवा सरकलो म्हणत्यात. अजून काळंच हाय."

"किती दिवस लागतील म्हणावं, सांगता येत न्हाई. महिना लागंल. नवी फळी मला सुट्टीत बसवावी लागंल, एकेका दिवसानं."

"सांगितलंय. म्हणत्यात, मी कुटं जातोय?"

गेटावर हॉर्न वाजला. हळदीची गाडी उभी होती, मागं आणखी एक.

"कापत ऱ्हावा म्हणावं," तानाजी म्हणाला, आणि रजिस्टर काखेत मारून गेट उघडायला उठला.